नावं सांगा, मग लिहितो

गेल्या आठवड्यात अकरावीच्या वह्या तपासत होते. ओतूरच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. निबंधाचा विषय होता 'माझे गाव', आणि एका मुलानं पहिलंच वाक्य लिहिलं होतं, 'आमचे घराणे पिढ्यानपिढ्या या गावात राहत आहे.' वाक्यात चूक काही नव्हती. तरी माझं लाल पेन थांबलं आणि समासात मी लिहिलं, 'किती? नावे लिही.' दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, आजोबांच्या पुढं न्हाई येत. घरात कुणालाच न्हाई येत."

मी त्याला म्हटलं, "मग तेवढंच लिही." तो गेल्यावर बराच वेळ पुढची वही उघडावीशी वाटली नाही. समासातलं अक्षर माझं होतं, बोलणं दामूआप्पांचं होतं.

दामूआप्पा रोकडे जुन्नरला तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसायचे. कडुनिंबाखाली एक टेबल, त्याच्या एका पायाखाली विटेचा तुकडा, वर काळी छत्री उलटी टांगलेली. बाकीच्यांनी कॉम्प्युटर आणले, निळ्या ताडपत्रीखाली प्रिंटर घरघरायला लागले, तरी आप्पा हातानंच लिहीत राहिले. चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला असे. चहा बशीत ओतून घेत आणि तो निवेपर्यंत समोरच्या माणसाचं ऐकून घेत. माणूस बोलायचा थांबला की चहा प्यायचे. पुष्कळांचा चहा गार व्हायचा, आप्पांचाही.

त्यांच्याकडे जास्त करून वंशावळीचं काम यायचं. वारसनोंद असो, जातीचा दाखला असो, पडताळणी असो, कागदांत एक वंशावळ लागतेच. आपण कुणाचे, तो कुणाचा, त्याच्या वर कोण. बाकीचे अर्ज लिहिणारे कागदाच्या वरच्या टोकाला 'मूळ पुरुष' असं लिहून खाली उतरत यायचे. आप्पा उलटे. ते कागदाच्या अगदी तळाशी पेन टेकवायचे आणि ज्याचं काम असेल त्याचं नाव लिहायचे. मग फूटपट्टीनं एक रेघ वर, तिथं बाप. आणखी एक रेघ, तिथं आजा. वरचा कागद तसाच मोकळा सोडायचे.

"मूळ पुरुष आधी लिवला की गडी अडकतो," ते म्हणायचे. "मंग त्याला खाली आपल्यापत्तुर आनावा लागतो. मधी कुनी सापडला न्हाई की बनवावा लागतो. खालून चढावं. जितं संपलं तितं थांबावं."

अर्जांमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं, 'आम्ही पिढ्यानपिढ्या येथील रहिवासी असून'. लोक ते वाक्य तोंडपाठ घेऊन यायचे. आप्पा पेन खाली ठेवायचे.

"पिढ्यानपिढ्या म्हंजे किती?"

"आता आप्पा, लई. आमचा बाप, आजा, पणजा, सगळेच."

"पणजाचं नाव सांग."

तिथं माणूस थांबायचा. मग आप्पा सांगायचे, "घरी जा. जे सगळ्यात म्हातारं आसंल त्याला घिऊन ये. नावं सांगा, मग लिहितो." कुणी चिडायचं, कुणी पलीकडच्या ताडपत्रीखाली जायचं. आप्पा हाक मारायचे नाहीत.

या सवयीपायी त्यांनी पुष्कळ गिऱ्हाइकं घालवली. शेवटी त्यांच्या स्वतःच्या नातीचं, प्रज्ञाचं, एक अख्खं वर्ष या सवयीपायी गेलं. त्याबद्दल लिहायला मी बसले आहे, पण आधी माझं स्वतःचं सांगते, कारण मी त्यांना ओळखायला लागले ते तिथून.

आम्ही राजुरीचे. आजोबांच्या वेळी आमच्या वस्तीनं धम्म घेतला. बापानं दुसऱ्यांच्या शेतात कांदा काढून आम्हाला शिकवलं. बारावीनंतर मला पडताळणीचा दाखला हवा होता. बाप मला घेऊन आप्पांच्या टेबलाशी गेला आणि बसता बसताच म्हणाला, "पिढ्यानपिढ्या राजुरीचेच हाये आमी."

पणजोबाचं नाव बापाला येत नव्हतं. दोन दिवसांनी आम्ही आजीला एसटीनं जुन्नरला आणलं. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिचा आजेसासरा जिवंत होता, ओट्यावर बसून सुतळी वळायचा. नाव तिला पक्कं ठाऊक होतं. पण सांगेना. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आजेसासऱ्याचं तर नाहीच.

बाप वैतागला. "आये, त्यो मरून पन्नास वर्सं झाली. आता कुनाचा राग यायचाय?"

"त्यो मेला. मी जिती हाये का न्हाई?" आजी म्हणाली.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी तिच्यासाठी चहा सांगितला आणि बशी तिच्यापुढं सारली. "म्हातारे, मला नगं सांगू. मी परका हाय. या पोरीच्या कानात सांग."

आजीनं पदर तोंडाशी धरला आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. तिच्या तोंडाला मिश्रीचा वास होता. ती म्हणाली, "संभू." मी ते मोठ्यानं म्हटलं आणि आप्पांनी बापाच्या पणजाच्या जागी लिहिलं, संभू. आजी दुसरीकडे बघत होती, जणू या सगळ्याशी तिचा संबंध नाही. घरी जाताना एसटीत मात्र मला म्हणाली, "बरं वाटलं गं. छातीवरचा धोंडा निघाल्यागत."

त्या दाखल्यावर मी पदवी घेतली. आमच्या घरातली पहिलीच. पेढे घेऊन आप्पांकडे गेले तर त्यांनी अर्धा पेढा मोडून घेतला आणि विचारलं, "संभूबाबाच्या बायकोचं नाव इचारलंस का आजीला?" मी विचारलं नव्हतं. तोवर आजी गेली होती.

पुढं मी जुन्नरलाच राहायला आले आणि ओतूरहून परतताना त्यांच्या टेबलाशी बसायला लागले. त्यांचं एक बोलणं मी वर्गात पुष्कळदा सांगते. ते म्हणायचे, "तीन पिढ्या मानूस ऱ्हातो. मंग त्याचा पूर्वज व्हतो. पूर्वज झाला की कुनी त्याला इचारत न्हाई, तुला भूक लागायची का, तुला कुनी मारलं का."

'पिढीजात' हा शब्दही त्यांना चालायचा नाही, म्हणजे सगळ्यांसाठी सारखा चालायचा नाही. एकदा एक कुंभार आला. विजेचं चाक घ्यायचं होतं, कर्जाच्या अर्जात 'पिढीजात व्यवसाय' असं लिहायचं होतं. आप्पांनी नावं विचारली, त्यानं पाच नावं धडाधड सांगितली, कारण त्यांच्याकडं मडकी भाजायच्या आव्याची जागा कुणी कधी बांधली ते लक्षात ठेवतात. आप्पांनी आनंदानं 'पिढीजात' लिहिलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "आज बरा लिहिलात हा शब्द." ते शाईचं झाकण लावत म्हणाले, "त्याला त्या शब्दात चाक दिसतं, मडकं दिसतं. मला दवंडी दिसती आन् मेलेलं ढोर दिसतं. आमच्या आजाला गावानं इचारलं न्हवतं, हे काम तुला पायजे का. पिढीजात हाय म्हनले, झालं." मग बराच वेळ ते फूटपट्टी धोतराला पुसत बसले.

प्रज्ञा त्यांच्या मुलाची, अशोकची, मुलगी. अशोक टेम्पो चालवतो. पोरगी हुशार, बारावीला चांगले गुण मिळाले, नर्सिंगला पुण्यात प्रवेश मिळत होता. ठरलेल्या मुदतीत पडताळणीचा दाखला दिला तर जागा राहणार, नाहीतर जाणार. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याच्या वंशावळी लिहिल्या त्याच्या नातीला काय अडचण, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

अडचण अशी होती. दाखल्याला एका ठरावीक तारखेच्या आधीची नोंद लागते. आप्पांचं नाव शाळेत घातलं ते त्या तारखेनंतर. त्यांचे वडील किसन कधी शाळेत गेलेच नाहीत. वडिलांच्या जन्माची नोंद ज्या जुन्या वहीत असायची तिची पानं वाळवीनं खाल्ली होती. उरले आप्पांचे आजोबा, राणू. राणू मूळचा इथला नव्हता. तो लहान असताना त्याचा बाप साथीत वारला आणि त्याची आई ठकू त्याला कडेवर घेऊन आंबेगाव तालुक्यातून जुन्नरकडं भावाच्या आश्रयाला आली. आंबेगावातलं ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव बुडालं तरी तिथल्या जन्मांची वही वर राहिली होती. तिच्यात मोडीत एक नोंद सापडली. मुलगा राणू, बाप भिवा, आणि जुनी जात, जशी तेव्हा लिहीत तशी.

अशोकनं नक्कल आणून टेबलावर ठेवली. "झालं आप्पा. राणूच्या वर भिवा लिवा. सुटलो."

आप्पांनी नक्कल दोनदा वाचली. "राणूच्या बापाचं नाव भिवा व्हतं, हे कुनी सांगितलं?"

"हे काय, कागद सांगतोय की."

"कागद म्हनतो एका राणूचा बाप भिवा. त्यो आपला राणू, हे कागद न्हाई म्हनत. त्या गावात राणू किती आसतील?"

"किती का आसंनात," अशोक म्हणाला. "तुमच्या आज्यानं कधी बापाचं नाव घेतलं न्हाई का?"

"न्हाई."

"आन् ठकूनं?"

 ठकू आप्पांना आठवत होती. ते चार-पाच वर्षांचे असताना ती वारली. हातावर कोपरापर्यंत गोंदण, आणि भाकरी मोडून देताना पहिला तुकडा स्वतः खाऊन बघायची. तरणीताठी विधवा, भावाच्या घरी आयुष्य काढलं, आणि मेलेल्या नवऱ्याचं नाव तिनं मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून. राणूचा बाप गेला तेव्हा राणू बोलायच्या वयाचा नव्हता. त्याला ते नाव कोण सांगणार होतं?

मुदतीला पाच आठवडे होते. आप्पा म्हणाले, एखादं जितं तोंड शोधू. धरणात गेलेल्या गावातले लोक कुठं कुठं गेले त्याची चौकशी केली तेव्हा मंचरच्या बाहेर, कांद्याच्या वखारींच्या मागं, एका वस्तीत त्यांच्या भावकीतलं घर निघालं. एका रविवारी अशोकचा टेम्पो बाहेर होता म्हणून मी आप्पांबरोबर एसटीनं गेले. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, दीड तास एका जागी. आप्पा सगळा वेळ वंशावळीचा कागद मांडीवर उलटा ठेवून बसले होते.

हौसाबाई नव्वदीच्या असतील. नजर गेलेली, कान मात्र तिखट. आप्पांनी आपली ओळख सांगितली, किसनचा दामू, राणूचा नातू.

"म्हंजे ठकूचा," त्या लगेच म्हणाल्या. "ठकू पोराला घिऊन गेली ती गेलीच. माझी सासू सांगायची. जाताना जातं इसरून गेली. लई चांगलं जातं व्हतं."

आप्पा पुढं सरकले.

"आये, ठकूच्या मालकाचं नाव काय व्हतं?"

हौसाबाईंनी डोकं हलवलं. "आमी त्याला ठकूचा दादला म्हनायचो. न्हाईतर राणूचा बाप."

"सासू काय म्हनायची?"

"सासूचा त्यो थोरला दीर. ती कशी नाव घील?" मग त्या म्हणाल्या, "साथीत बापय गेले बाबा. घरात समद्या बायाच उरल्या. कोन घेनार नाव?"

आप्पांनी एकच आणखी प्रश्न विचारला. "भिवा आसं कधी कानावर आलं?"

मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा. म्हातारीनं खरंच आठवून बघितलं. "भिवा व्हते की. दोन व्हते. एक वाजंत्री व्हता. त्यातला ठकूचा कंचा, का तिसराच, ते मला न्हाई सांगता यायचं. खोटं कशाला सांगू?"

"नगा सांगू," आप्पा म्हणाले. त्यांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. उठताना त्यांना माझा हात धरावा लागला.

परतताना मी म्हटलं, "आप्पा, दोनातला एक असणार. लिहून टाका." मराठीची पदवी घेतलेली, मुलांना खरं लिहा म्हणून सांगणारी मी. ते म्हणाले, "सुजा, मी हे एकदा केलंय." आणि मग सखारामचं सांगितलं.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आप्पा नवे होते. राजुरीच्या ज्ञानोबा नावाच्या शेतकऱ्याच्या घरची वारसनोंद अडली होती. जुन्या उताऱ्यावर एक नाव होतं, येसू. ज्ञानोबाचा आजा तुका. येसू आणि तुकाच्या मधली एक पिढी कुणालाच आठवेना. साहेब बदलून जाणार होते, घाई होती. आप्पांनी कचेरीसमोर बघितलं. चहाच्या गाड्यावर सखाराम नावाचा माणूस कपबशा विसळत होता. त्यांनी लिहिलं, सखाराम. नोंद झाली. ज्ञानोबानं हरभऱ्याची पेंढी आणून दिली.

सहासात वर्षांनी आप्पा काही कामानं भादव्यात त्यांच्या घरी गेले तर पितर जेवायला घातलेले. पत्र्यावर पान ठेवलेलं, सगळे कावळ्याची वाट बघत उभे. ज्ञानोबा हात जोडून म्हणत होता, "सखारामबाबा, या. काय चुकलं आसंल तर पोटात घाला." विधी सांगणाऱ्यानं तीन पिढ्यांची नावं विचारली होती. बापाचं आलं, आजाचं आलं, तिसरं येईना. मग कुणालातरी आप्पांनी लिहिलेला कागद आठवला होता.

"कावळा शिवला का?" मी विचारलं.

"लगीच," आप्पा म्हणाले. "तेच लई वाईट वाटलं."

तेव्हापासून जितं तोंड सांगेल तेवढंच लिहायचं, हे ठरलं. पण ज्ञानोबाला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मंचरहून आल्यावर त्यांना राहवेना. पुढच्या रविवारी मी आईकडं राजुरीला निघाले होते, तर तेही एसटीत येऊन बसले.

ज्ञानोबाभाऊ आता थकलेले, गोठ्यापुढं खाटेवर. आप्पांनी आडवळण न घेता सगळं सांगितलं. चहाच्या गाड्यासकट. गोठ्यात गाय पाणी पीत होती तिचा आवाज येत होता.

मग ज्ञानोबाभाऊ म्हणाले, "चाळीस वर्सं जेवतोय त्यो आमच्यात. आता कुठं हाकलू त्याला?"

त्यांची बायको दारात लसूण सोलत होती. "आन् त्यो चहावाला जिता व्हता तवा?"

"व्हता की वयनी."

"मंग भादव्यात बिचाऱ्याला उचक्या लागत आसतील."

आप्पाही हसले. त्या महिन्यात मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं. ज्ञानोबाभाऊंनी नातीची अडचण विचारली, ऐकून घेतली आणि म्हणाले, "तुमीबी लिवा की भिवा. आमच्यागत सवय व्हईल दोन-चार वर्सांत. कोन बघायला येतंय?"

"तुमाला कुनी बघायला येत न्हाई भाऊ," आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुमी पिढ्यानपिढ्या म्हनलात की मानूस मान हालवतो. आमी म्हनलं की पुरावा मागतो. मागू दे. पन मंग आमचा पुरावा तरी खरा आसावा. एक खोटा सापडला की मागच्या समद्या खऱ्यांवर रेघ मारत्यात."

निघताना ज्ञानोबाभाऊंनी आप्पांना फाट्यापर्यंत मोटारसायकलवर सोडायला नातवाला सांगितलं. नातवाचं नाव सखाराम होतं. हे आम्हाला दोघांनाही तिथंच कळलं.

आप्पांनी प्रज्ञाची वंशावळ स्वतः लिहिली. तळाशी प्रज्ञा. वर अशोक, दामू, किसन, राणू. राणूच्या वर त्यांनी लिहिलं, 'आई ठकू. बापाचे नाव घरात कोणास माहीत नाही.' आणि खाली टीप, 'जुन्या नोंदीतील राणू भिवा हा हाच असावा. खात्री नाही.'

अशोक त्या शेवटच्या दोन शब्दांसाठी त्यांच्या पाया पडला. अक्षरशः पडला, टेबलाजवळ, लोकांसमोर. "दोन शब्द खोडा आप्पा. पोरीचा जलम हाय." प्रज्ञा बाजूला उभी होती. आप्पांनी पेन उचललं, झाकण काढलं, आणि खूप वेळ कागदाकडं बघत राहिले. मला वाटलं, खोडतात. त्यांनी खाली सही केली. सहीची रेघ वाकडी गेली.

अर्ज चौकशीत पडला. सुनावणीला बोलावलं तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, वंशावळीत बाईचं नाव कसं? आप्पा म्हणाले, "जी व्हती ती लिवली." चौकशीचे लोक मंचरला जाऊन हौसाबाईंना भेटले, जुन्नरलाही आप्पांच्या भावकीत विचारून गेले. कुणी वाईट वागलं नाही. नुसता वेळ गेला. मुदत संपली आणि जागा गेली.

प्रज्ञा ओतूरला एका औषधाच्या दुकानात कामाला लागली. माझ्याच एसटीत असायची. खिडकीला डोकं टेकून बसायची. घरात ती आजोबांना ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची मात्र नाही. आप्पाही तिला मनवायला गेले नाहीत. टेबलावर यायचे, पण अर्ज कमी लिहायचे. कुणी 'पिढ्यानपिढ्या' म्हणालं तर आता पेन खाली ठेवायचे नाहीत, नुसते म्हणायचे, "बघा, नावं सापडली तर आना." डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एकदा मला म्हणाले, "मी बरोबर केलं का गं?" मी म्हटलं, "केलंत." ते म्हणाले, "तुझा दाखला आला म्हनून तू म्हनतीस."

दाखला पुढच्या वर्षी आला. त्यांनी दिलेली वंशावळ जशीच्या तशी मान्य झाली होती, त्या दोन शब्दांसकट. प्रज्ञानं पुन्हा अर्ज केला आणि तिला जागा मिळाली.

ती पुण्याला निघाली त्या सकाळी मी जुन्नरच्या स्टँडवर ओतूरच्या गाडीची वाट बघत होते. अशोक बॅगा वर टाकत होता. आप्पा बाकावर बसलेले, पायाला सूज, चपलांचे पट्टे सुटे. प्रज्ञा गाडीत चढली, मग पुन्हा उतरली आणि त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. वर्षभरानं तिनं त्यांना हाक मारली ती मी ऐकली.

"आप्पा, त्या कागदाची एक प्रत द्या मला."

त्यांनी छातीच्या खिशातून घडी काढली. जवळच ठेवलेली होती. तिनं ती उलगडून बघितली. "वर एवढी जागा का सोडलीय?"

"कधी कुनाला सापडलं तर."

"आन् खाली? खाली तर कायच जागा न्हाई. मी अगदी कडेला."

आप्पांनी मान वर केली. तिचा चेहरा त्यांना नीट दिसत नसावा. "खालचं माझं काम न्हाई पोरी. त्याला दुसरा कागद घे. पन आईपासून लिव."

तिनं घडी पर्समध्ये ठेवली आणि त्यांच्या चपलेचा पट्टा वाकून लावला. मग गाडी लागली.

गाडी गेल्यावर मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली. दिवाळीनंतर ते गेले आणि मला ते तसेच आठवतात, त्या बाकावर, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून.

डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "सुजा, तुझ्या बापाच्या पणजाचं नाव काय?"

मी क्षणभर अडखळले. कानाशी मिश्रीचा वास आला. "संभू."

"बरं," आप्पा म्हणाले. "अजून मानूस हाय म्हनायचा."